सामाईक भिंत पाडण्यापूर्वी

प्रश्न : पारोळ्याच्या जुन्या गावठाणातील माझे धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) घर १९७१ साली आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्यात झालेल्या वाटणीतून आमच्याकडे आले. मधली दीड हात जाडीची विटा-मातीची भिंत सामाईक असून माझ्या माळवदाच्या तुळया तिच्यातच रोवलेल्या आहेत. चुलतभावाने शेजारचा हिस्सा तीन वर्षांपूर्वी विकला. नवे मालक नगरपालिकेच्या परवानगीने तीन मजली स्लॅबचे घर बांधणार असून, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की “आमच्या बाजूची अर्धी भिंत” जेसीबीने काढू, असे म्हणतात. एका इंजिनिअर मित्राने इंग्लंडप्रमाणे सर्व्हेअर नेमण्याची नोटीस देण्यास सुचवले आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या मित्रांनी सांगितलेला कायदा खरा आहे, पण तो येथील नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या ‘पार्टी वॉल’ कायद्यानुसार सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि मतभेद झाल्यास सर्व्हेअर काम कसे व्हावे याचा निवाडा देतात. आपल्याकडे अशी यंत्रणा नसल्याने त्या नावाची नोटीस पाठवून काही साधणार नाही. तथापि आपल्याकडे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार (म्हणजे आपल्या मिळकतीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या मिळकतीवर असलेला हक्क) अधिनियम आहे, आणि आपल्या प्रकरणात तो पुरेसा उपयोगी पडावा असे मला वाटते.

एकत्र मिळकतीची वाटणी होते तेव्हा एका हिश्शाच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्शावरील जी सुविधा आवश्यक असते, ती त्या अधिनियमाच्या कलम १३ नुसार वाटणीबरोबरच मिळते. आपल्या तुळयांना भिंतीचा आधार १९७१ पासून आहे, म्हणून हा हक्क वाटणीच्या दिवसापासूनचा आहे असे म्हणता येते. शिवाय अखंड, निर्वेध वीस वर्षांच्या वहिवाटीने आधाराचा हक्क प्राप्त होतो, असे कलम १५ सांगते. चुलतभावाने जागा विकली म्हणून या हक्काचे ओझे जागेवरून उतरत नाही. खरेदीदाराने ती त्या ओझ्यासह घेतली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. “भिंत सामाईक मालकीची आहे” आणि “तिच्यावर माझा आधाराचा हक्क आहे” ही दोन म्हणणी एकमेकांना छेद देतात, कारण स्वतःच्याच मिळकतीवर सुविधाधिकार असत नाही. १८८० च्या वॉटसन विरुद्ध ग्रे या इंग्लंडमधील निकालात सामाईक भिंतीचे चार प्रकार सांगितले गेले. त्यांपैकी आपली भिंत कोणत्या प्रकारात बसते हे पुराव्यावर ठरेल. म्हणून दाव्यात दोन्ही म्हणणी पर्यायी म्हणून मांडावीत. वाटणीपत्र असल्यास ते नोंदणीकृत आहे का ते पाहावे. ते नोंदवलेले नसले, तरी ताब्याचे स्वरूप दाखवण्यासारख्या आनुषंगिक कारणासाठी न्यायालय त्याचा विचार करू शकते, मात्र मुद्रांक शुल्काचा प्रश्न आधी मिटवावा लागतो. पूर्वी तोंडी झालेल्या वाटणीची ती केवळ नंतरची याद असेल, तर नोंदणीची अडचण येत नाही. नव्या मालकांच्या खरेदीखतातील चतुःसीमेत भिंतीचा उल्लेख कसा आहे, हेही नक्की वाचावे. कित्येकदा उत्तर तेथेच सापडते.

आपल्या प्रकरणाचा निर्णायक मुद्दा वेळेचा आहे. आधार काढून घेतल्याबद्दलची नुकसानभरपाई सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे प्रत्यक्ष भरीव नुकसान झाल्यावरच मागता येते. म्हणजे धाबे खचेपर्यंत भरपाईचा दावाच उभा राहत नाही. त्याउलट कलम ३५ प्रमाणे, योजलेले काम केल्यास हक्काला बाधा येणे अटळ असेल, तर मनाई हुकूम आधीच मागता येतो. अटळ हा शब्द कठोर आहे आणि तो शाब्दिक भीतीने सिद्ध होत नाही. म्हणूनच वकिलाइतकीच आपल्याला अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरची गरज आहे.

त्यांच्याकडून आजच भिंतीच्या सद्यःस्थितीची लेखी नोंद करून घ्यावी. तीत प्रत्येक तड्याची लांबी-रुंदी, ओळंब्याने मोजलेला झुकाव, तुळया भिंतीत किती खोल आहेत आणि तारखेसह छायाचित्रे असावीत. तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून त्यांवर तारीख लिहावी. पट्टी तुटली की हालचाल झाल्याचे कळते. जाडीभर एकमेकींत गुंतलेल्या विटांची अर्धी भिंत उभी कापल्यास उरलेली अर्धी का टिकणार नाही, आणि काळ्या मातीत लगत खोल पाया खणल्यास काय होऊ शकते, हे अहवालात स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या अनुभवात अशा दाव्यात तोंडी साक्षींपेक्षा हा कागद अधिक वजनदार ठरतो.

त्यानंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी, आणि काम थांबत नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम व आदेश २६ नियम ९ खाली पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मागावा. नोटिशीची प्रत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनाही द्यावी, परंतु बांधकाम परवानगी खासगी हक्कांचा निवाडा करत नाही, हे लक्षात ठेवावे. स्वतः जेसीबी अडवण्यास मात्र कृपया जाऊ नये. पाडकामातील निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे; जिवाला धोका दिसल्यास त्या आधारे पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

आपली बाजूही निर्दोष हवी. सुविधाधिकार टिकवण्याचा खर्च त्या अधिनियमाच्या कलम २५ नुसार हक्कदारानेच सोसायचा असतो, आणि आधार देणाऱ्याने आपल्यासाठी दुरुस्ती करावी असा आग्रह धरता येत नाही. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकणे, पन्हाळी मोकळ्या ठेवणे, भिंतीत पाणी मुरू न देणे ही कामे झाली नसतील, तर भिंत आपल्याच दुर्लक्षाने मोडकळीस आली असा बचाव घेतला जाईल. जी दुरुस्ती बाकी आहे तिची छायाचित्रे काढून ती आताच करून घ्यावी आणि पावत्या जपाव्यात.

नव्या मालकांना घर बांधण्याचा हक्क आहे आणि तो आपण नाकारू नये. त्यांनी आपले कॉलम भिंतीपासून आत घ्यावेत, पाया लहान टप्प्यांत खणावा, किंवा भिंत काढणे अपरिहार्य असल्यास आधी तुळयांना लोखंडी टेकू देऊन आपल्या हद्दीत नवी भिंत वा खांब उभे करून द्यावेत, अशी तडजोड दोघांच्या इंजिनिअरांच्या सहीने योग्य मुद्रांकावर करता येईल. तिच्यात खर्च कोणाचा आणि पावसाळ्यात उघडी पडलेली बाजू कोण झाकणार, हे शब्दांत लिहिलेले असावे. ही बोलणी आखाजीपूर्वी पूर्ण व्हावीत. न झाल्यास, ती चालू आहेत या कारणाने दावा दाखल करण्यास विलंब करू नये.