मुलांना लहानपणीच श्रद्धा शिकवणं म्हणजे ती लादणं असतं का? आणि त्यावरून ऑनलाइन टीका झाली तर काय करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सहा वर्षांच्या मुलासोबत झोपताना प्रार्थना करतानाचा व्हिडिओ टाकलात, आणि खाली ‘ब्रेनवॉशिंग’, ‘पोराचं डोकं बिघडवताय’ असल्या कमेंट्स पडल्या. त्यातली एक तुमच्या नणंदेची होती. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण माझ्या बाबतीत ती कमेंट माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची होती.

आधी सरळ सांगते. नाही, शिकवणं म्हणजे लादणं नसतं. आईबाप मुलांना शेकडो गोष्टी न विचारता देतात. भाषा देतात, मोठ्यांशी कसं बोलायचं ते देतात, पैशाकडे कसं बघायचं, कशाची लाज वाटून घ्यायची, हे सगळं देतात. देवाचं नाव निघालं की मगच लोकांना मुलाचं स्वातंत्र्य आठवतं. ‘मोठा झाला की स्वतः ठरवेल, तोवर आम्ही काहीच सांगणार नाही’ म्हणणाऱ्या घरातलं मूलही काहीतरी शिकतंच. हा विषय आपल्या घरात बोलायचा नसतो, एवढं तर नक्की शिकतं.

आता माझं सांगते. मी देव मानते, नवरा मानत नाही. मुलीला हे कळायला लागल्यापासून माहीत आहे, आम्ही कधी लपवलं नाही. झोपण्याआधी मी प्रार्थना करते, तेव्हा ती शेजारी असते. ती आठ वर्षांची असताना तिची जिवलग मैत्रीण आईवडिलांसोबत दुसऱ्या गावी राहायला जाणार असं ठरलं. हिने रोज एकच मागणं मागितलं, ती जाऊ नये. मैत्रीण गेली.

त्या रात्री मी डोळे मिटले तर ही भिंतीकडे तोंड करून आडवी. म्हणाली, “मला नाही करायची. तो ऐकतच नाही.” मी म्हटलं, “नको करूस. मी करते. झोप आली तर झोप.” थोड्या वेळाने, “रागावलीस?” “नाही गं.” तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं, पण एक हात बाहेर काढून माझ्या गाऊनची बाही मुठीत धरून ठेवली. मी नेहमीसारखी प्रार्थना केली. त्यात त्या मैत्रिणीचं नाव घेतलं, नव्या शाळेत तिला कुणीतरी चांगलं भेटू दे म्हटलं. पांघरुणातून आवाज आला, “तिला गणिताची भीती वाटते, ते पण सांग.”

हे मी फेसबुकवर लिहिलं. मुलीला विचारून लिहिलं, तिचं नाव आणि फोटो न टाकता. आणि दोन्ही बाजूंनी लोक तुटून पडले. श्रद्धाळू म्हणवणाऱ्यांचं म्हणणं, मुलीला असं मोकाट सोडलंत तर उद्या ती काहीच मानणार नाही, घरात बापच नास्तिक म्हटल्यावर दुसरं काय होणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मुळात हे खूळ तिच्या डोक्यात घातलंतच का. मुलीला जे वाटलं ते तिने बोलून दाखवलं आणि तरी कुणी तिच्यावर रागावलं नाही, याकडे दोन्हीकडच्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि त्या सगळ्यात दादाने लिहिलं, “आठ वर्षांच्या पोरीला हवेशी बोलायला शिकवतेस आणि वर त्याचं कौतुक लिहितेस. हे बालशोषण आहे.” मला ओळखतही नसलेल्या लोकांनी ती कमेंट भरभरून उचलून धरली.

दादा असं का लिहितो ते मला माहीत आहे. आमच्या घरी बाबा रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसवायचे. दादाला पाठांतर जमायचं नाही, आणि प्रश्न फार पडायचे. एकदा त्याने विचारलं, “देवाला कुणी बनवलं?” बाबांनी थोबाडीत मारली आणि तो प्रश्न पुन्हा विचारायचा नाही अशी तंबी दिली. मी लहान होते, आईला चिकटून बसायचे. आई मनातल्या मनात पुटपुटायची, मला काही म्हणायला लावायची नाही. कधीकधी डोळे पुसायची आणि मग उठून कामाला लागायची. प्रार्थना केल्यावर तिला बरं वाटतं, एवढंच मला दिसायचं. दादाने पंधराव्या-सोळाव्या वर्षी सगळं सोडलं, मी नाही सोडलं. घर तेच, शब्द तेच, देवही तोच.

म्हणून ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द मला अडाणीपणाचा वाटतो. शिकवलं की मूल मानतं, इतकं ते सोपं असतं तर दादा आज प्रार्थना करत असता. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगटसन यांनी 1970 च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात त्याच कुटुंबांच्या पिढ्यांचा अनेक दशकं माग ठेवला. त्यात दिसलं की ज्या मुलांना आईवडिलांशी, विशेषतः वडिलांशी, जवळीक वाटते, त्यांच्यात घरची श्रद्धा टिकण्याची शक्यता जास्त असते. वडील नुसते कडक आणि धार्मिक असून भागत नाही. जोसेफ हेनरिक या मानववंशशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलेला मुद्दाही मला पटतो. माणूस नुसतं बोलतो की त्यासाठी स्वतः झीज सोसतो, हे बघून इतर लोक त्याच्या विश्वासावर विश्वास ठेवतात, आणि मुलं तर ठेवतातच. बाबा देवाचं नाव घेत होते आणि मारत होते. दादाच्या मनात त्यातलं मारणं तेवढं राहिलं, देव त्याने टाकून दिला. त्याला मी दोष देत नाही. पण त्या थोबाडीतीचा हिशेब तो माझ्या मुलीच्या उशाशी येऊन मागतो, ते मी चालू देणार नाही.

आणि बालशोषणाचं म्हणाल, तर मुलांच्या हक्कांची संयुक्त राष्ट्रांची संहिता 1989 ची आहे. तिच्या 14 व्या कलमात मुलाला विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य आहे असं म्हटलंय, आणि त्याच कलमात मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्क आणि कर्तव्यही मानलंय. दोन्ही एकाच कलमात आहेत. लोक आपल्या सोयीचं अर्धं वाचतात. मार्गदर्शन करायचं, पण मूल जसं मोठं होईल तसतसा हात सैल करत जायचा, असा त्याचा अर्थ मी घेते. ‘नाही करायची’ म्हणणाऱ्या मुलीला ‘नको करूस’ म्हणणं त्यात बसतं. थोबाडीत मारणं बसत नाही.

टीकेचं काय करायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. अनोळखी लोकांना उत्तर देऊ नका. मी कुणालाच दिलं नाही. त्यांना तुमचा मुलगा ठाऊक नाही, तुम्ही ठाऊक नाही, आणि चिडून लिहिलं की शाबासकी मिळते याची त्यांना सवय झालेली असते. हे मी मनाचं सांगत नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये ट्विटरवरच्या 7,331 जणांचे सव्वा कोटीहून जास्त ट्वीट तपासले होते. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर जास्त मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. म्हणजे तुमच्या व्हिडिओखालचा राग बराचसा एकमेकांना दाखवण्यासाठीचा आहे. त्यात तुमच्या मुलाची काळजी शोधत बसू नका.

नणंदेचं मात्र वेगळं. तिला फोन करा. मी दादाला त्याच रात्री केला. म्हटलं, “दादा, तुला मारलं ते बाबांनी, देवाने नाही.” तो म्हणाला, “तुला नाही बसली म्हणून तू असं बोलू शकतेस.” मी म्हटलं, “हो, मला नाही बसली. म्हणूनच मला माहीत आहे की हे मारल्याशिवाय शिकवता येतं.” बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण फेसबुकवर कशाला लिहायचं?” मी म्हटलं, “आणि तू फेसबुकवर कशाला उत्तर द्यायचं? माझा नंबर आहे ना तुझ्याकडे?” कमेंट त्याने काढली नाही. त्याला अजूनही माझं पटलेलं नाही, आणि मलाही त्याचं. पण तो घरी येतो, मुलगी त्याला देवाबद्दल वाटेल ते विचारते, आणि तो त्याला वाटतं ते सांगतो. मी मध्ये पडत नाही. ज्या श्रद्धेला मामाच्या दोन वाक्यांची भीती वाटते, ती मला माझ्या मुलीला द्यायचीच नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या, नाहीतर कुणीतरी माझ्या उत्तराचा भलताच आधार घेईल. देव शिक्षा करेल अशी भीती घालून मुलाला ऐकायला लावत असाल, तर वर लिहिलेलं काहीही तुमच्या बाजूने नाही. मूल आजारी असताना डॉक्टरऐवजी प्रार्थना करत बसलात, तर ते थेट मुलाच्या जिवाशी खेळणं आहे, तिथे श्रद्धेचा हक्क वगैरे काही नाही. नवरा मानत नसेल तर मुलासमोर त्याला खोटं पाडू नका, त्यालाही तुम्हाला खोटं पाडू देऊ नका. मुलाला दोन्ही ऐकू द्या, गोंधळ सहन होतो त्यांना.

आणि तो व्हिडिओ काढून टाका. टीका झाली म्हणून नाही, मुलाचा चेहरा आणि त्याची प्रार्थना त्यात आहे म्हणून. तो सहा वर्षांचा आहे, सोळाव्या वर्षी त्याच्या वर्गातल्या कुणीतरी शोधून काढला तर निस्तरावं त्याला लागेल. टीकाकारांना वाटेल आपण जिंकलो. वाटू द्या. प्रार्थना रात्री करताच आहात, ती चालू ठेवा.