‘एवढी वर्षं पाण्यात गेली का?’

“एवढी वर्षं एका वाटेवर घालवली. आता सोडली तर सगळं पाण्यातच ना?” मी समुपदेशक आहे, हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सतत येतो. कधी स्पर्धा परीक्षांचा नाद सोडायला निघालेली मुलं विचारतात, कधी संसार मोडून माहेरी आलेल्या बायका. आज सांगतेय ती गोष्ट एका माजी कॅथलिक सिस्टरची. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. इथे त्यांना नुसतं ताई म्हणते.

ताई श्रीरामपूरकडच्या. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मदर मेरीची, यात्रा न चुकवणारं घर. बारावीनंतर कॉन्व्हेंटमध्ये गेल्या. नोव्हिशिएट म्हणजे उमेदवारीचा काळ, मग गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची पहिली व्रतं, पुढे आयुष्यभरासाठीची अंतिम व्रतं. बालवाडी सांभाळली, मुलींचं वसतिगृह सांभाळलं. तेहतिसाव्या वर्षी बाहेर पडल्या आणि नाशिकरोडला भावाकडे आल्या. कुणी छळलं वगैरे नव्हतं, पण लोकांना तसलीच गोष्ट हवी असते. ती मिळाली नाही की “मग सोडलंच कशाला?” हे ठरलेलं. आईने तर शेजारणींना “सुट्टीवर आलीय” असं सांगून ठेवलं होतं.

पहिल्या भेटीत मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ताईंनी विचारलं, “पिऊ का?” वेळ संपल्यावर, “उठू?” पंधरा वर्षं घंटेवर उठलेल्या, विचारून बाहेर गेलेल्या बाईला चहा कधी प्यायचा हेसुद्धा ठरवता येईना. वहिनीला वाटे, ही आढ्यता. तिला बोलावून समजावलं, तेव्हा घरातला निम्मा ताण उतरला.

ताईंच्या मनात मात्र एकच सल होता : देवाला दिलेला शब्द मोडला. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, म्हणून त्यांच्या विश्वासातल्या एका फादरांशी बोला, असं सुचवलं. फादरांनी सांगितलं ते ताईंना माहीत होतं, पण पचलेलं नव्हतं. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायद्यातच बाहेर पडण्याची रीतसर वाट आहे. अतिशय गंभीर कारण असेल तर अर्ज करायचा. संस्था बिशपांच्या अखत्यारीतली असेल तर परवानगी बिशप देऊ शकतात, पोपच्या अखत्यारीतली असेल तर ती रोमहून येते. ती लागू झाली की व्रतांतूनही मोकळीक मिळते. ते परवानगीचं पत्र ताईंच्या पिशवीतच होतं. मी त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.

त्याच कायद्यात असंही आहे की बाहेर पडणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संस्थेने मात्र तिच्याशी न्यायाने आणि दयेने वागावं. दया करणाऱ्याच्या मनावर असते, म्हणून मला हे कठोरच वाटतं. ताईंना थोडी रक्कम मिळाली. ना पीएफ, ना बचत. त्यामुळे “काहीच वाया जात नाही हो” असलं गोड मी बोलले नाही. काही वर्षं आणि पैसे खरंच गेले होते. काय गेलं ते आम्ही कागदावर मांडलं आणि ताई त्यावर भरपूर रडल्या.

मग एक दिवस म्हणाल्या, नर्स व्हायचंय. मला शंका आली. पुन्हा पांढरे कपडे, हॉस्टेल, वरिष्ठांचा हुकूम! एक कॉन्व्हेंट सोडून ही बाई दुसरं शोधतेय की काय? तसं विचारलं, तर पहिल्यांदाच चिडल्या. “फुकट सेवा खूप केली मॅडम. आता पगार घेऊन करायचीय.” हे ऐकून मी निर्धास्त झाले.

बारावी कला शाखेची असली तरी जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला चालली. खरा घोळ नावाचा. मार्कशीटवर जन्मनाव, आधारवर कॉन्व्हेंटमधलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. अशा वाटेवर कुणी असेल तर कागद आधी उरका, मनाचं सोबत चालू राहील.

तीन वर्षांच्या कोर्समध्ये अठरा वर्षांच्या मुली त्यांना आंटी म्हणायच्या. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला न दुखवता कुशीवर वळवून पाठ कशी पुसायची, हे शिकवावं लागलं नाही. कॉन्व्हेंटमधल्या वृद्ध सिस्टरांचं त्यांनी सगळं केलं होतं. तिथलीच दुसरी सवय मात्र अंगाशी आली. ‘नाही’ म्हणता येत नसल्याने ओळीने जादा ड्यूट्या गळ्यात पडायच्या. “आज जमणार नाही” एवढं एक वाक्य आम्ही कित्येक बैठका घोकलं.

पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली, नाशिकच्याच मुंबई नाक्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. पहिला पगार बँकेत तसाच पडून. “कुणाला देऊ?” म्हणाल्या. मी गृहपाठ दिला : पाचशे रुपये, फक्त स्वतःसाठी, गरज नसलेल्या वस्तूवर. बिटको चौकातून मरून रंगाच्या सँडल आणल्या, आणि आठवडाभर खोक्यातच ठेवल्या. आता ड्यूटीला जाताना घालतात, कपडे बदलायच्या खोलीपर्यंत.

आता भावाला लग्नाची घाई झालीय. व्रतांतून मोकळीक मिळाल्याने चर्चची आडकाठी नाही, हे त्याने चौकशी करून ठेवलंय. ताईंचं काही ठरलेलं नाही. स्थळं आणण्याआधी बहिणीला विचार, एवढंच मी त्याला सांगितलं. गेल्या रविवारी त्याने न विचारता पाहुणे बोलावले, तर ताईंनी फोनवर सांगितलं, “आज जमणार नाही, नाइट आहे.” नाइट खरंच होती का, ते मी विचारलं नाही.