२०१७ चा गेमिंग पीसी आणि हातात २५ हजार: आधी काय बदलू?

गेम नीट चालावेत म्हणून २५ हजारांत आधी काय बदलू, असं तू विचारलंस. तू पाठवलेली पार्ट्सची यादी आधी इथे उतरवतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड (पुढे नुसतं 'बोर्ड'), ८ जीबीची एकच रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड (पुढे नुसतं 'कार्ड'), १ टीबी हार्डडिस्क, कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस (सगळ्या पार्ट्सना वीज देणारा डबा) आणि साडेअठरा इंची मॉनिटर. मुक्काम पुण्यात, धनकवडी. जीटीए ५ चालतो, नवे गेम अडकत अडकत चालतात, आणि दुकानदार म्हणतो, "सगळंच बदला, साठ हजार धरून चला." इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतो.

सगळं बदलू नकोस. जो पार्ट उद्या उचलून नव्या मशीनमध्ये लावता येईल त्यावरच पैसे घाल. जो या बोर्डाबरोबर संपणार आहे त्यावर घालू नकोस. ही अक्कल मला फुकट आलेली नाही.

२०२२ मध्ये माझ्याकडेही हाच प्रोसेसर होता. कोणीतरी सांगितलं की आय७-७७०० त्याच बोर्डावर बसतो. बसतो, खरं आहे. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चारच, पण थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आठ. सेकंडहँड ९ हजारांना घेतला, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून लावला, गेममधले झटके बरेच कमी झाले. मग ऑगस्टमधली एक संध्याकाळ. लाइट दोनदा गेली, दोनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॅबिनेटमधून फट्ट आवाज झाला आणि जळका वास असा सुटला की आई गॅसवरचं दूध सोडून माझ्या खोलीत आली. एसएमपीएस गेला, आणि जाताना बोर्डाला सोबत घेऊन गेला. त्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो तो साचा) धड बोर्ड शोधत महिनाभर फिरलो. जे मिळत होते ते कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेले, आणि भाव मात्र नव्याचे. शेवटी नाद सोडला. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड वाचलं होतं, ते नव्या रायझनच्या (एएमडीचा प्रोसेसर) मशीनमध्ये आजही चालू आहे. आय७ ड्रॉवरमध्ये आहे.

यात आणखी एक खोच आहे. आठव्या जनरेशनचे इंटेल प्रोसेसरही ११५१ सॉकेटचेच, पण तुझ्या बोर्डावर ते चालत नाहीत. 'सॉकेट सेम आहे, बिनधास्त घ्या' असं कोणी म्हणालं तर मान डोलाव आणि निघून ये.

आता पैसे न खर्चता करायचं काम. कॅबिनेट उघड, गॅलरीत ने, ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढ. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस. प्रोसेसरवरची, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट २०१७ ची असेल तर वाळून खडूसारखी झाली असणार, ती पुसून नवी लाव. पुढच्या बाजूला पंखा नसेल तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १२० मिमीचा एक घेऊन ये. एवढ्यानेच माझ्या एका मित्राचं मशीन 'नवीन' झालं होतं. उन्हाळ्यात प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत होता आणि हा गडी कार्ड बदलायला निघाला होता.

मग चाचणी. ही टाळू नकोस, कारण खरं उत्तर इथेच आहे. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाक, गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा आणि प्रोसेसरच्या चारही कोअरचा वापर दिसेल असं लाव. जिथे अडकतो तिथेच थांबून आकडे बघ. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६० वर आरामात बसलंय आणि चारही कोअर शंभरला टेकलेत, तर प्रोसेसर दमलाय. खात्री करायची तर ग्राफिक्स सेटिंग आणि रेझोल्यूशन एकदम खाली आण. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढला तर दोष कार्डाचा होता. ढिम्म हलला नाही तर नवं कार्ड घेऊनही विशेष काही होणार नाही. रॅम किती भरतेय तेही बघ. आजच्या गेमना ८ जीबी अपुरी पडते, आणि मग विंडोज हार्डडिस्कवर उचल-ठेव करत बसतं. तो झटका प्रोसेसरचा वाटतो, पण असतो रॅमचा.

इथे तुझा मॉनिटर मध्ये येतो. साडेअठरा इंची म्हणजे बहुधा १३६६×७६८ चा. फुल एचडीमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात. म्हणजे तुझ्या कार्डावर आत्ता भारच कमी आहे, आणि भारी कार्ड आणलंस तर तो सगळा ताण प्रोसेसरवर जाऊन बसेल. शिवाय मॉनिटरच्या मागे फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं पोर्ट) असेल तर नव्या कार्डाला ते पोर्टच नसतं, कन्व्हर्टर लागेल. घरात फुल एचडी टीव्ही असेल तर आठ दिवस त्यालाच जोडून बघ. बाबांची परवानगी घेऊन.

खरेदीत पहिला नंबर एसएमपीएसचा. तुझा सध्याचा तराजूत टाकलास तर चिवड्याच्या पुड्याएवढा भरेल. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, बोर्डातूनच वीज घेतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) वाला, ५०० ते ५५० वॉटचा घे. २५ पैकी चारेक हजार इथे जातील आणि एकही एफपीएस वाढणार नाही, हे मला माहीत आहे. तरी घे.

दुसरा नंबर सॅटा एसएसडीचा (हार्डडिस्कच्याच केबलवर चालणारी, पण वेगवान डिस्क), ५०० जीबीच्या आसपास. हार्डडिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते, सॅटा एसएसडी पाचशेच्या घरात. सायबरपंकसारख्या गेमने तर किमान गरजांतच एसएसडी लिहिलंय. जुनी हार्डडिस्क सिनेमे आणि सबमिशनसाठी ठेव.

रॅम घेण्याआधी सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये रॅमचा प्रकार बघ, कारण काही एच११० बोर्ड डीडीआर३ या जुन्या प्रकाराचेही होते. डीडीआर३ निघाली तर एक रुपयाही घालू नकोस, ती पुढे कुठेच जाणार नाही. डीडीआर४ असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर ८ जीबीची आणखी एक टाक. घेताना ३२०० ची घे. तुझ्या बोर्डावर ती २१३३ ने चालेल, पण उद्या एएम४ (रायझनचा सॉकेट) बोर्डावर पूर्ण वेगाने पळेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे इथे सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा खराब होत नाही, आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावला की कळतंच.

उरतील ते कार्डाला, आणि तेही चाचणीत कार्ड दोषी ठरलं तरच. त्या पैशांत सेकंडहँड आरएक्स ६६०० मिळालं तर उत्तम. ८ जीबी, १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर, आणि तुझ्या बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआय ३ पिढीचा असला तरी नुकसान फारसं नाही. ६५०० एक्सटी मात्र स्वस्त दिसलं तरी घेऊ नकोस. त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि जुन्या बोर्डावर ते चांगलंच मार खातं. आरएक्स ५८० सुचवणारे भेटतील. त्यातलं '२०४८ एसपी' हे वेगळं, कमी ताकदीचं कार्ड आहे, आणि बरीच ५८० माइनिंगमध्ये (कार्डावर आकडेमोड करून क्रिप्टो चलन कमावणं) रात्रंदिवस राबलेली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग बंद पडलं आणि ती सगळी बाजारात आली.

सेकंडहँड कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी जा, त्याच्याच मशीनवर पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारी चाचणी) चालव, तापमान बघ, पंख्याचा आवाज ऐक, मूळ बिल माग. घरी बोलवायला का-कू करत असेल तर विषय संपला. आणि कृपा करून रविवारच्या जुन्या बाजारातून कार्ड आणू नकोस. तिथे पितळी अडकित्ता छान मिळतो.

विंडोजचं थोडक्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलची आठवी जनरेशन लागते. तुझ्या मशीनवर ११ जुगाड करून बसतं. पण व्हॅलोरंट खेळत असशील तर ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन्ही सुरक्षेची फीचर्स चालू लागतात. बायोसमध्ये पीटीटी (इंटेलचं टीपीएम) नावाचा पर्याय आहे का ते आधी बघ, नाहीतर विंडोज येईल आणि गेम जाईल.

आणि चाचणीत प्रोसेसरच दोषी ठरला तर? मग कार्ड घेऊच नकोस. एसएमपीएस, एसएसडी, रॅम घे, उरलेले पैसे तसेच ठेव, आणि वर्षभरात बोर्ड आणि रायझन ५ ५६०० ची सोय कर. तोपर्यंत ड्रॉवरमधला माझा आय७ घेऊन जा. बोर्ड जळाल्यावर तो दुकानात दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला होता, ठणठणीत आहे. पैसे नकोत. फक्त कर्वेनगरला माझ्याकडे यायच्या आधी, तुझा जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करून घे. नंतर करायला गेलास तर स्क्रीनच येणार नाही.