कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाने ह्युमॅनिटीजमध्ये काय घ्यावं?

प्रश्न: आमचा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या सेमिस्टरला त्याला जनरल एज्युकेशनमधला, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या कोर्सांतला, ह्युमॅनिटीजचा (मानव्यविद्येचा) एक कोर्स घ्यावाच लागणार आहे. आम्ही दोघंही भारतात इंजिनिअरिंग केलेले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, खाली येऊ नये म्हणून एखादा सोपा कोर्स घेऊन मोकळं व्हावं, असं आम्हाला वाटतं. त्याला मात्र फिलॉसॉफी घ्यायची आहे. काय करावं?

उत्तर: त्याला फिलॉसॉफी घेऊ द्या. फक्त नोंदणी करण्याआधी त्या कोर्सचा सिलॅबस त्याने नीट वाचावा, एवढा आग्रह जरूर धरा.

बारावीनंतर शाखा ठरली की बाकीचे विषय मागे पडायचे, अशा पद्धतीत आपण शिकलो. त्यामुळे हा कोर्स म्हणजे मध्येच आलेला अडथळा वाटणं स्वाभाविक आहे. तिथली रचना वेगळी आहे. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यांतला बराच मोठा वाटा, अनेक ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास, जनरल एज्युकेशनचा असतो. ब्राऊन विद्यापीठात असं बंधन जवळजवळ नाही, तर एमआयटीत इंजिनिअर होणाऱ्यालाही मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रांचे आठ कोर्स करावे लागतात. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्रासाठी, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान या विषयांचे वर्गही त्यांनी केले. तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा प्रभाव त्यांच्या पुढच्या लिखाणात ठळक दिसतो.

आता 'सोप्या' कोर्सबद्दल. आर्ट हिस्टरी सोपी म्हणून घेणारी मुलं बरीच असतात. परीक्षेत पडद्यावर चित्र दाखवतात आणि चित्रकार, काळ, शैली लिहायला सांगतात. पाठांतराचा कंटाळा असलेल्या मुलाला हे जड जातं. फिलॉसॉफीत आठवड्याला वीसच पानं असतील, पण ती तीनदा वाचल्याशिवाय कळत नाहीत. फिलॉसॉफीतल्याच सिम्बॉलिक लॉजिकमध्ये, म्हणजे चिन्हांतून मांडलेल्या तर्कशास्त्रात, ट्रूथ टेबल आणि प्रूफ असतात, प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा तिथे चटकन रमतो. मात्र काही कॉलेजांत हा कोर्स ह्युमॅनिटीजऐवजी गणिती विचारपद्धतीच्या गटात धरतात, तेवढं आधी बघून घ्यावं.

सिलॅबसमध्ये मी सगळ्यात आधी ग्रेडची विभागणी बघायला सांगते. चाळीस टक्के गुण शेवटच्या एकाच पेपरवर आहेत, की चार छोटे निबंध आहेत? पहिला निबंध प्राध्यापकांचे शेरे वाचून पुन्हा लिहून देता येतो का? ही सोय असलेला कोर्स मिळाला तर सोडू नये. आपली बरीच मुलं गणितात पुढे असतात, पण कुणीतरी ओळीन् ओळ वाचून 'हा मुद्दा सिद्ध झालेला नाही' असं सांगण्याचा अनुभव त्यांना आधी मिळालेला नसतो. वर्ग वीस-पंचवीस जणांचा असेल तर प्राध्यापक नावानिशी ओळखतात आणि पुढे शिफारसपत्र मागताना संकोच होत नाही. मेडिकलला जाणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावंच. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा एक विभाग, ५३ प्रश्न आणि ९० मिनिटांचा, पूर्णपणे मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतल्या उताऱ्यांवर असतो.

मग वेळेचा हिशोब. तीन क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास घरचा अभ्यास धरतात. त्याच सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्ससारखा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स असेल तर दोन्हींच्या सबमिशनच्या तारखा शेजारी ठेवून बघाव्यात. एकाच आठवड्यात मोठा प्रोजेक्ट आणि निबंध आला, तर बळी बहुधा निबंधाचा जातो.

'हिंदी घेतली तर हमखास ए मिळेल ना?' असंही पालक नेहमी विचारतात. घरी भाषा बोलणाऱ्या मुलाला बरेचदा प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे पातळी ठरवणारी चाचणी, घेऊन वरच्या वर्गात बसवतात, त्यामुळे ए हमखास नसतो. त्यापेक्षा दक्षिण आशियाचा इतिहास किंवा साहित्य घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. जात, फाळणी, वारकरी संत या विषयांवर मूल घरी फोन करून प्रश्न विचारू लागतं. काही प्रश्न आपल्याला अवघड जातील. तेव्हा वाद न घालता, त्याने काय वाचलंय ते आधी ऐकून घ्या.

एकच कोर्स दोन अटींत बसतो का, हे डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणाऱ्या अहवालात, तपासावं. आंतरराष्ट्रीय किंवा विविधतेच्या विषयावरचा कोर्स घेण्याची अट बरेचदा ह्युमॅनिटीजबरोबरच भागते. मूल एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात आणि त्यांत ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो, त्यामुळे कोर्स सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारणं आवश्यक आहे.

पहिल्या आठवड्यात त्याने दोन वेगवेगळ्या वर्गांना बसून बघावं. अ‍ॅड-ड्रॉपच्या, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याच्या, मुदतीत बदल केला तर ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही, नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद, येते. जीपीएची फारच धास्ती असेल तर ग्रेडऐवजी नुसत्या पास-फेलचा पर्याय आहे, पण बऱ्याच कॉलेजांत तो जनरल एज्युकेशनच्या कोर्सला चालत नाही. हे त्याने नोंदणीआधीच अ‍ॅडव्हायजरला ईमेल करून लेखी विचारून घ्यावं.