चौकटीत सांगली, यादीत सातारा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभासद-नोंदणी अर्जात गावाचे नाव लिहू लागताच सर्व्हरवरून जुळणाऱ्या नावांची यादी येते. प्रत्येक अक्षरागणिक विनंती जाऊ नये म्हणून मी ३०० मिलिसेकंदांचा विलंब ठेवला आहे. तरीही चौकटीत ‘सांगली’ लिहिलेले असताना खाली कधी कधी ‘सा’ची यादी दिसते. विलंब वाढवावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विलंब वाढवू नये. त्यामुळे विनंत्यांची संख्या कमी होते, परंतु उत्तरे कोणत्या क्रमाने परततील यावर त्याचा ताबा नसतो. ‘सा’ लिहून सभासद क्षणभर थांबला की पहिली विनंती निघते. या अक्षराने सुरू होणारी गावे पुष्कळ असल्याने तिचे उत्तर रेंगाळू शकते आणि तेवढ्यात ‘सांगली’चे नेमके उत्तर येऊन यादी बरोबर दिसू लागते. मागाहून पोहोचलेले ‘सा’चे उत्तर मात्र ती पुसून तिथे सातारा, सावंतवाडी मांडते. विलंब वाढवल्यास हा दोष क्वचित दिसेल, म्हणजेच शोधायला अधिक अवघड होईल.

यावर खात्रीचा उपाय असा, की चौकटीतला मजकूर बदलला की होणारी ‘इनपुट’ घटना घडताच, म्हणजे विलंब सुरू होण्याआधीच, ‘अबॉर्टकंट्रोलर’ या ब्राउझरमधील विनंती थांबवण्याच्या सोयीने आधीची विनंती रद्द करावी आणि नव्या ‘फेच’ला, म्हणजे सर्व्हरकडे विनंती पाठवणाऱ्या आज्ञेला, नव्या कंट्रोलरचा सिग्नल द्यावा. रद्द झालेले फेच ‘अबॉर्टएरर’ ही रद्द झाल्याची खूण देते. ती चूक समजून सभासदाला लाल अक्षरांतला संदेश दाखवू नये. रद्द केल्याने ब्राउझर वाट पाहणे थांबवतो, पण सर्व्हर हाती घेतलेले काम बहुधा पुरे करतोच, म्हणून तुमचा विलंबही राहू द्यावा.

‘इनपुट’ऐवजी ‘कीडाउन’वर, म्हणजे कळ दाबल्याच्या घटनेवर, विसंबू नये. माउसने चिकटवलेला किंवा बोलून लिहिलेला मजकूर त्यातून निसटतो आणि अँड्रॉइडवर पुष्कळदा कळीचा खरा क्रमांक न मिळता नुसता २२९ हा सरधोपट आकडा येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी ‘कंपोझिशनएंड’पर्यंत, म्हणजे कीबोर्डची अक्षरे जुळवण्याची अवस्था संपेपर्यंत, शोध रोखावा, असा सल्लाही दिला जातो. मला तो इथे पटत नाही, कारण मोबाइलचे अनेक कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत ही अवस्था चालू ठेवतात आणि तोवर यादी रिकामीच राहते. त्या अवस्थेत एंटर दाबल्यावर अर्ज पुढे जाणार नाही, एवढी काळजी मात्र ‘इझकंपोझिंग’ (ती अवस्था चालू आहे का, हे सांगणारा गुणधर्म) तपासून अवश्य घ्यावी.

यादीतून निवडलेल्या गावाचा सांकेतांक सर्व्हरने अर्ज स्वीकारताना स्वतःच्या नोंदींशी पुन्हा ताडून पाहावा. ब्राउझरमधील स्क्रिप्ट कोणालाही वगळता येते.