वाचकांचे प्रश्न : जुन्या गेमिंग संगणकाला नवा प्रोसेसर

प्रश्न : २०१९ मध्ये जुळवून घेतलेल्या माझ्या संगणकात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवले आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर घेतला. तरीही गेममधल्या गर्दीच्या दृश्यांत सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रे) साठ-सत्तरपर्यंत घसरतात. अधूनमधून चित्र क्षणभर थबकते आणि त्याच वेळी आवाजही फाटतो. ग्राफिक्स कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि प्रोसेसरचाही ५५ टक्क्यांवर जात नाही. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असे सगळेच बदलावे लागेल, असे दुकानदार म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : आपल्या बाबतीत मदरबोर्ड किंवा रॅम बदलण्याचे कारण मला दिसत नाही. प्रोसेसर बदलून भागेल, आणि त्याच्याही आधी बायोस (मदरबोर्डातली, संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करण्याचे बिनखर्चाचे काम आहे, ते अवश्य करावे.

प्रोसेसरचा वापर ५५ टक्के दिसला की निम्मी ताकद शिल्लक आहे, असा अर्थ बहुतेक जण लावतात आणि तिथेच फसतात. रायझन ५ २६०० मध्ये सहा कोर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत, आणि दिसणारा आकडा त्या बाराही थ्रेडची सरासरी असतो. गेमचा मुख्य भार मात्र एक-दोन थ्रेडवरच पडतो. ते पूर्ण भरले की बाकीचे मोकळे असूनही कामाला येत नाहीत आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या फ्रेमची वाट पाहत राहते. खात्रीसाठी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सोय) बंद करून तेच गर्दीचे दृश्य एकदा १०८०पीवर आणि एकदा ७२०पीवर खेळून पाहावे. कार्डाला रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी होऊनही फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या, तर अडचण प्रोसेसरकडे आहे हे नक्की. रॅमचा वेगही टास्क मॅनेजरमध्ये पाहून ठेवावा. ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर चालत असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) सुरू करायचे राहून गेले आहे.

चित्र थबकताना आवाजही फाटतो, हे आपण आवर्जून लिहिलेत ते फार बरे झाले. विंडोज १० आणि ११ वर चालणाऱ्या काही रायझन संगणकांत एफटीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू असताना असेच क्षणिक थबकणे होत असल्याचे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले आणि पुढे एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ या आवृत्तीपासून बायोसमध्ये त्यावर उपाय दिला. नव्या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत करावाच लागणार आहे. म्हणून ते काम आधी उरकावे, चार दिवस खेळून पाहावे आणि मगच खिशात हात घालावा. थबकणे कदाचित तेवढ्यानेच थांबेल. गर्दीतली घसरण मात्र त्याने जाणार नाही.

त्या घसरणीसाठी मी आपल्याच मदरबोर्डावर बसणारा रायझन ५ ५६०० सुचवतो. कोर आणि थ्रेड तितकेच आहेत, मग फरक कशाचा, असे आपल्याला वाटेल. २६०० मध्ये तीन-तीन कोरचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाजवळ ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) आहे. ५६०० मध्ये सहाही कोरना मिळून ३२ एमबीची एकच सामाईक कॅश आहे. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असणे आणि प्रत्येक चिमटीसाठी फडताळापर्यंत जाणे यांत जो फरक, तोच इथे आहे. प्रोसेसरला रॅमपर्यंत कमी फेऱ्या माराव्या लागतात, शिवाय प्रत्येक कोर एका ठोक्यात अधिक काम करतो आणि कमाल वेगही ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. दोन्हींचा टीडीपी (कंपनीने सांगितलेले उष्णतेचे माप) ६५ वॉटच असल्याने केवळ या बदलासाठी पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही.

नाव जवळजवळ सारखेच असलेला रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नये. त्याची एल३ कॅश १६ एमबीच आहे, म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण पैसे घालणार तीच त्यात निम्मी. ५७००एक्सचे आठ कोर व्हिडिओ संपादन करणाऱ्याला उपयोगी पडतील, पण केवळ गेमसाठी ते जादा पैसे मला पटत नाहीत. ९६ एमबी कॅश असलेले ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी हे एएम४ सॉकेटवरचे (आपल्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेवरचे) गेमसाठीचे सर्वोत्तम प्रोसेसर आहेत, आणि जुन्या साठ्यातून रास्त भावात पेटीबंद मिळाल्यास जरूर विचार करावा. मात्र त्यांचा टीडीपी १०५ वॉट आहे, पेटीत कूलर येत नाही, आणि अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीकडे झुकलेली असताना साधा कूलर त्यांना पुरणार नाही. ५६०० सोबत कूलर येतो. प्रोसेसर कोणताही घ्या, तो पेटीबंदच घ्या, कारण कंपनीची तीन वर्षांची हमी पेटीबंद मालावर असते, पेटीविना विकल्या जाणाऱ्या सुट्या ‘ट्रे’ मालावर नसते.

बायोस बदलताना जुना प्रोसेसर जागेवरच असू द्यावा, कारण नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर सुरूच होणार नाही. मदरबोर्डावर छापलेले पूर्ण नाव आणि आवृत्ती पाहून कंपनीच्याच संकेतस्थळावरून फाइल घ्यावी आणि ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी. संगणक यूपीएसवर असल्याशिवाय हे काम सुरू करू नये, कारण मध्येच वीज गेली तर चांगला मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) सुरू असेल, तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम नवा होतो आणि संगणक तीच की मागतो. ती जवळ नसल्यास डिस्कवरचे काहीही उघडत नाही.

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे जुना कूलर काढणे. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात, आणि वर्षानुवर्षे सुकलेली थर्मल पेस्ट डिंकासारखी धरून बसते. कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची खिटी बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. माझ्या हातून हे एकदा घडले आहे. कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झाल्या होत्या आणि त्या वस्तऱ्याच्या पात्याने एकेक करून सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी आधी पंधरा-वीस मिनिटे गेम चालवून पेस्ट मऊ करतो, संगणक बंद करून वीज तोडतो, आणि चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करतो. स्क्रू निघाले की मदरबोर्डामागची पट्टी निसटते, म्हणून ती मागून हाताने धरावी. मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत राहावा, तो सुटल्याचे हाताला जाणवते, आणि तेव्हाच वर उचलावा. नवा प्रोसेसर कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, तो आपल्या वजनानेच बसतो. बोटाने दाबावे लागले तर काहीतरी चुकले आहे असे समजावे.

दुकानदारांनी सुचवलेला सगळेच बदलण्याचा, म्हणजे नव्या एएम५ सॉकेटचा मार्ग वाईट नाही, पण त्या सॉकेटवर डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालत नाही, त्यामुळे खर्च तीन ठिकाणी होतो. आरटीएक्स ३०६० सोबत त्या जादा खर्चाचा फारच थोडा भाग पडद्यावर दिसेल. पुढे याहून बरेच मोठे कार्ड घ्याल, तेव्हा तो विचार करावा.

प्रश्न : माझ्याकडे कोअर आय५-९४००एफ आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. मलाही फक्त प्रोसेसर बदलून चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्याला नाही चालणार, याचे वाईट वाटते. आपल्या मदरबोर्डावर इंटेलची आठवी आणि नववी पिढीच बसते, आणि त्यांतले वरचे प्रोसेसर आता वापरलेलेच घ्यावे लागतील. त्यापेक्षा आय५-१२४००एफ आणि त्यासाठी एलजीए१७०० सॉकेटचा मदरबोर्ड घ्यावा. या सॉकेटचे मदरबोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, दिसायला सारखेच असतात आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. बिल होण्यापूर्वी खोक्यावर डीडीआर४ असे छापलेले स्वतः वाचावे, म्हणजे जुनी रॅम वाचेल. आताचा कूलर एलजीए१७००च्या भोकांत बसणार नाही, पण पेटीबंद १२४००एफसोबत कूलर मिळतो.