‘मॅडम, एआयमुळे माझी नोकरी जाणार का?’

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मुलांवर उगाच ओरडलं जातं, अशा तक्रारी घेऊन येणारी माणसं मला नवी नाहीत. अलीकडे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी बऱ्याचदा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. विचारणाऱ्यांत हिंजवडीतले आयटीवाले असतात, तसे सीएच्या ऑफिसात नोंदी करणारे, कॉल सेंटरमधले, जाहिरातींची डिझाइनं करणारेही असतात. या प्रश्नाला ‘छे हो, काही होत नाही’ असं उत्तर मी देत नाही. ते मला माहीत नसतं, आणि मला ते माहीत नाही हे समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं. मग समुपदेशनात करतात तरी काय, ते एका उदाहरणावरून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायची परवानगी घेतली आहे.

मंदार, वय ४४. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे तयार झालेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या कामात, जवळपास वीस वर्षं. त्यातली बरीचशी वर्षं विमा कंपन्यांच्या क्लेम्सच्या कामावर. वाकडला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत, बँकेतून निवृत्त झालेले वडील सोबत. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, बी-१२ सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल आलं, म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं.

धास्तीची सुरुवात त्यांना नेमकी आठवत होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आपल्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील असं सांगितलं. कंपनीनं कारण एआयचं दिलं नव्हतं. मंदार त्या कंपनीत नव्हतेच. पण पुढच्याच महिन्यात त्यांच्या मॅनेजरनी टीमला एक नवं टूल दाखवलं. क्लेमचा फॉर्म त्यात टाकला आणि चहाचा कप संपायच्या आत टेस्ट केसेसची, म्हणजे काय काय तपासून बघायचं त्याची, यादी तयार. ‘मला याला दोन दिवस लागतात, मॅडम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.’ आणि मग म्हणाले, ‘आम्ही अजून सुपात आहोत, एवढंच.’

रात्रीचा क्रम ठरलेला. साडेअकराला आडवं व्हायचं, पाच मिनिटं म्हणून लिंक्डइन उघडायचं. तिथे कुणीतरी ‘आज माझा शेवटचा दिवस’ असं लिहिलेलं असायचं. तिथून यूट्यूब, ‘या दहा नोकऱ्या संपणार’, आणि त्यात टेस्टिंग हमखास. बघता बघता दोन वाजायचे. शुक्रवारी संध्याकाळी एचआरकडून मीटिंगचं निमंत्रण आलं की पोटात गोळा यायचा. उघडून बघावं तर ते मेडिक्लेमच्या फॉर्मचं निघायचं. चार ऑनलाइन कोर्स विकत घेतलेले, एकही तिसऱ्या धड्यापुढे गेलेला नव्हता.

पहिल्या दोन भेटींत आम्ही एआयबद्दल जवळजवळ बोललोच नाही. झोपेचंच काम केलं. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. चिंतेला मात्र बंदी नाही, तिला वेळ दिली: रोज संध्याकाळी सात ते सात वीस, वही-पेन घेऊन, टेबलाशी बसून. रात्री विचार आला तर ‘उद्या सातला’ एवढंच म्हणायचं. ऐकायला हे बालिश वाटतं, मंदारनाही वाटलं. पण लिहायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रोज तीच तीन वाक्यं लिहिली जातायत. तीन आठवड्यांत झोप पाच-साडेपाच तासांवर आली. (तेवढ्या अवधीत काहीच फरक पडला नसता, किंवा जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येऊ लागलं असतं, तर मी त्यांना लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. अशी वेळ आली तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.)

मग भाकितं. मंदारकडे भाकितांचा साठाच होता, आणि तो ते माझ्यासमोर पुराव्यासारखे मांडायचे. त्यांतलं एक मी उचललं. आजच्या एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन २०१६ साली म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. यंत्रं खरोखर सुधारली, हिंटनना २०२४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, आणि एक्स-रे, सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर आजही रेडिओलॉजिस्टची सही लागते. याचा अर्थ सगळी भाकितं खोटी असा मी काढत नाही. अर्थ एवढाच की इतका जाणकार माणूससुद्धा तंत्र कुठवर जाईल हे ओळखतो, पण नोकऱ्यांचं काय होईल यात चुकू शकतो. उलट बाजूची आकडेवारीही मला तितकीच निरुपयोगी वाटते. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या येतील असा अंदाज आहे. आता यातून वाकडच्या फ्लॅटचा हप्ता कसा भरायचा ते मंदारनी कुठे शोधायचं?

चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘समजा, गेली नोकरी. मग?’

‘मग दुसरी मिळणार नाही.’

‘धरून चालू. मग?’

‘कमी पगाराची घ्यावी लागेल. फ्लॅट विकावा लागेल.’

‘विकला. मग?’

इथे ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘बाबा काही बोलणार नाहीत. पण त्यांना वाटेल, याला एवढं शिकवलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी बसला.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्या पद्धतीनं काम करणाऱ्यांना हे वळण ओळखीचं आहे. नोकरी जाणं हे नुकसान आहे, त्याचं वाईट वाटणार, वाटायलाच हवं. पण नोकरी गेली की आपण माणूस म्हणूनच कवडीमोल, हा निकाल आपण स्वतःवर सुनावलेला असतो, आणि रात्री दोनपर्यंत जागं ठेवतो तो हा निकाल. मंदारच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच खरं काम होतं. एकीचा इलाज हिशेब आणि तयारी. दुसरीचा इलाज कोर्स विकत घेऊन होत नाही, म्हणून तर चारही कोर्स अर्धवट पडले होते.

हिशेबाचा भाग आधी. मी त्यांना एक्सेल उघडायला लावलं. ‘मागच्या रिलीजच्या आठवड्यात तुम्ही नेमकं काय काय केलंत ते ओळीनं लिहा. हुद्दा नको, कामं लिहा.’ मग रंग द्यायचे: जे टूल आजच करतं ते लाल, जे करेल पण कुणीतरी सांगावं-तपासावं लागेल ते पिवळं, उरलेलं हिरवं. निम्म्याच्या आसपास ओळी लाल निघाल्या. मी त्यांना त्या पिवळ्या करायला सांगितलं नाही. जे गेलं ते गेलं म्हणून समोर दिसलं की माणूस जरा सावरतो, असा माझा अनुभव आहे.

पिवळ्या ओळींत एक मजेची गोष्ट सापडली. टूलनं नॉमिनीच्या रकान्यासाठी भरपूर टेस्ट केसेस दिल्या होत्या: रकाना रिकामा, नावात आकडे, नाव फार लांब. पण मंदारनी स्वतःची एक घातली होती. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत बहिणीचं नाव नॉमिनी म्हणून, मधलं नाव वडिलांचं. क्लेमच्या वेळी तिच्या आधारवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं. सिस्टीम क्लेम सरळ अडवून ठेवत होती. हे त्यांना कुठल्या कागदात मिळालं नव्हतं. आत्याच्या पैशांसाठी ते स्वतः शाखेत खेटे घालून आले होते. ‘यंत्राला हे कधीच जमणार नाही’ असं मी म्हटलं नाही, कारण सांगितलं की तेही जमतं. पण सांगावं लागलं, आणि सांगणारा माणूस त्या टीममध्ये एकच होता.

मग घरखर्चाचा कागद. नोकरी गेली तर हातातल्या पैशांवर किती महिने निघतील हे मंदारनी कधी मांडलंच नव्हतं, भीतीनं. मांडल्यावर आकडा त्यांच्या मनातल्यापेक्षा बरा निघाला, पण एक भोक दिसलं: बाबांचा मेडिक्लेम कंपनीच्या गट विम्यात होता, नोकरीबरोबर तोही गेला असता. हे माझं क्षेत्र नव्हे, मी त्यांना जाणकाराकडे धाडलं. पण रात्री जागून वाचलेल्या शंभर पोस्टमध्ये हे एकदाही आलं नव्हतं, याची मात्र गंमत वाटली. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी आरोग्य पॉलिसी घेण्यावरची वयाची आडकाठी निघाली आहे, हेही त्यांना तिथेच कळलं. प्रीमियम दणकून आहे, पण दार उघडं आहे.

बाबांना एकदा घेऊन या म्हटलं तर मंदार टाळत राहिले. शेवटी सूनबाईंनीच आणलं. वय ७२, ताठ बसलेले, आधी मलाच प्रश्न विचारणारे. १९७८ मध्ये लक्ष्मी रोडवरच्या शाखेत क्लार्क म्हणून लागले. लेजर हातानं. सहामाहीच्या बॅलन्सिंगला दोन पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ मध्ये. बाबा युनियनचे, काळी फीत लावून दाराशी सभा घेणाऱ्यांत. मग एएलपीएम आली, लेजरच्या नोंदी करणारी यंत्रं. यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता होता. ‘त्या भत्त्यासाठी पहिला अर्ज कुणाचा होता माहितीये?’ असं म्हणून ते स्वतःच हसले. मुलानं हे आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

पण त्यांनी पुढचं सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०००-०१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची (व्हीआरएस) योजना आली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. बाबा राहिले. ‘आमच्या शाखेत कॉम्प्युटरनं कुणाला हात धरून बाहेर काढलं नाही. पण आम्ही गेलो आणि त्या खुर्च्यांवर पुन्हा कुणी आलं नाही. त्यांचा मोर्चा कोण काढणार? ते बँकेत लागलेच नव्हते.’ आणि मंदारकडे न बघता म्हणाले, ‘माझ्याबरोबरच्या ज्यानं व्हीआरएस घेतली, त्याच्याकडे मी अजून पत्ते खेळायला जातो. तो घरी बसला म्हणून त्याला कुणी पान वाटायचं थांबवलं नाही.’

बाबांचं हे निरीक्षण आजही लागू पडताना दिसतंय. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एआयचा जास्त संबंध येणाऱ्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांची रोजगारसंख्या इतरांच्या तुलनेत १३ टक्के घसरलेली आढळली. त्याच कामांतल्या अनुभवी लोकांत तशी घसरण नव्हती. म्हणजे मंदारच्या वयाच्या माणसाला वाटणारी भीती मोठी, आणि प्रत्यक्ष फटका बसतो तो दारातच अडलेल्या पोरांना.

मंदारचं पुढे झालं ते असं. चार कोर्सपैकी तीन त्यांनी सोडून दिले. मॅनेजरची परवानगी काढून कंपनीच्याच टूलवर, स्वतःच्याच कामावर हात बसवला, आणि क्लेम्सचे नियम लिहून देण्याचं काम मागून घेतलं. पगार वाढला नाही. टीम लहान झाली, कंत्राटावरच्या दोन ज्युनिअर मुलींना मुदतवाढ मिळाली नाही. आता झोप येते, पण त्या मुलींच्या जागी टूलला शिकवतोय तो मीच, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. यावर माझ्याकडे दिलासा नव्हता. मी विचारलं, त्या मुलींसाठी आज काय करता येईल? त्यांनी एकीसाठी ओळखीत दोन ठिकाणी शब्द टाकला, आणि दुसरीला माझा नंबर दिला.

ती आता माझ्याकडे येते. वय तेवीस, शैक्षणिक कर्ज, आईवडील लातूर जिल्ह्यात. तिला चिंतेची वही मी दिलेली नाही. तिची चिंता वाजवीपेक्षा जास्त नाहीच, तिला नोकरी हवी आहे. म्हणून आमचा निम्मा वेळ तिचा बायोडेटा नीट करण्यात, कुठे अर्ज केला आणि कुठून उत्तर आलं नाही याची नोंद ठेवण्यात, आणि कर्जाच्या हप्त्याला मुदत मागण्यासाठी बँकेत काय बोलायचं याच्या तालमीत जातो. विमा आणि बँकांच्या शाखांमधली, माणसांशी बोलावं लागणारी कामंही आम्ही यादीत घेतली आहेत. तिला ती कमीपणाची वाटतात. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.